ओस्तियाचं आमंत्रण

"नाना, ऑक्टोबरमध्ये ओस्तियाला जायचं ठरवतेय. तुम्ही येणार ना?"

सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागातल्या कॉफी शॉपमध्ये, समोर चहाचे दोन ग्लास येऊन पडल्यावर, ऋग्वेदाने हे इतक्या सहज विचारलं की पद्माकर नानांना आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली.

गुढीपाडव्यापासून ऋग्वेदा टॅम्पिनीसच्या घरात नव्हती. ऑफिसला जवळ पडतं म्हणून इथे क्वीन्सटाउनला एका चिनी म्हातारीच्या फ्लॅटमध्ये तिने खोली घेतली होती. तिचा आणि शैलेंद्रचा घटस्फोट वकिलांच्या हाती होता. कायद्याने ती अजून नानांची सून होती. ऑक्टोबर उजाडेपर्यंत तेवढंही उरणार नव्हतं. तरी अधूनमधून शनिवारी ती फोन करायची आणि नाना एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, बसून तिला भेटायला यायचे. घरी सांगून यायचे, पण जरा हळू आवाजात.

"ओस्तिया," नाना पुटपुटले.

"रोमचं जुनं बंदर. तुम्हीच सांगितलं होतंत, पाँपेईपेक्षा तिथे माणसं कमी आणि घरं जास्त शाबूत. चालत बघायच्या सहली आहेत. दुसऱ्या दिवशी आपियन रस्ता, तो रोमन लोकांचा जुना दगडी. गाइड आपली पाँपेईची फ्लाविया आहे."

"तिला आपण आठवतो?"

"तुम्ही आठवता. तिने मेलमध्ये विचारलंय, ते प्रश्न विचारणारे आजोबा येतायत का म्हणून."

नानांचे कान तापले. आयुष्यात त्यांनी कुठल्या गाइडला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. ते पुण्याच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात नोकरी गेली, आणि त्यामुळे की काय, तोंड उघडलं की आपली चूक होणार अशी धास्ती कायमची बसली. पत्नी वारल्यावर शैलेंद्रने त्यांना सिंगापूरला आणलं. टॅम्पिनीसच्या ग्रंथालयात जे दिसेल ते वाचता वाचता ते रोमन लोकांपाशी येऊन थांबले. तिथे त्यांना करमायचं. मेलेली माणसं उलट बोलत नाहीत.

मग पहिल्या वर्षी सुट्टीला रोम, दुसऱ्या वर्षी पाँपेई, तिसऱ्या वर्षी दक्षिण फ्रान्समधला तो तीन मजली पूल, ज्याच्यावरून रोमन लोक शहराला पाणी नेत. प्रत्येक ठिकाणी गाइडबरोबर पायी हिंडायचं. कानात एक छोटं यंत्र, पुढे उंच धरलेली छत्री आणि पायाखाली दोन हजार वर्षांचे दगड. नाना हळूच ऋग्वेदाच्या कानाशी लागायचे. "अगं, पुलाच्या भिंतीतून ते दगड बाहेर का ठेवलेत?" की ती लगेच हात वर करून इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, "माझ्या सासऱ्यांना विचारायचंय..." गाइड खूश व्हायचा. बांधताना परांची टेकवायला ते दगड ठेवले, मग कुणी कापले नाहीत, असं उत्तर यायचं. बाकीचे प्रवासी नानांकडे वळून बघायचे. नानांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि त्याच वेळी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात पहिला नंबर आल्यासारखंही व्हायचं. पाँपेईत रस्त्याकडेला जेवणाचं दुकान लागलं. दगडी ओटा आणि ओट्यात पुरलेले रांजण. ऋग्वेदा म्हणाली, "नाना, हे तर आपलं टॅम्पिनीसचं खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर!" तेव्हा दोघं इतके हसले होते की फ्लावियाने बोलणं थांबवून कारण विचारलं होतं.

ते सगळं आता समोर टेबलावर ठेवलेलं होतं. हात पुढे करायचा अवकाश.

"कळवतो," नाना म्हणाले.

"शनिवारपर्यंत सांगा. जागा थोड्या आहेत." तिने ग्लास उचलला. "आणि नाना, उपकार म्हणून विचारत नाहीये हं मी."

ती हे बोलली नसती तर नानांच्या मनात उपकाराचा विचारही आला नसता. परतीच्या गाडीत तोच एक विचार त्यांना पुरला.

मंगळवारी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये त्यांनी मनोहरपंतांपाशी विषय काढला. मनोहरपंत बेडोकला मुलीकडे राहत. मोठा आवाज, मोठं पोट, आणि सगळ्या जगाबद्दल तयार मतं.

"म्हणजे सून सोडून गेली आणि सासरा तिच्याबरोबर युरोपला चालला!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "पद्माकरराव, तुम्ही दिसता तसे नाही हं!"

"हळू बोला हो."

"इथे कोणाला मराठी कळतंय? अहो, माझ्या जावयाने मला आजवर फक्त इथलं सेंटोसा बेट दाखवलं. तेही खालून. वर केबल कार गेली, बघा म्हणाला." ते स्वतःच खो खो हसले. मग जरा गंभीर झाले. "खरं सांगू? जायचं तर जा. पण तिथे कोणी विचारलं, हे तुझे कोण, तर ती पोरगी काय सांगणार? माझ्या पूर्वीच्या नवऱ्याचे वडील? तोंडात तरी मावतं का ते?"

नानांनी याचा विचार केला नव्हता. आता त्यांना दुसरं काही सुचेना. सासरे म्हणायचं तर खोटं, वडील म्हणायचं तर त्याहून खोटं. आणि काहीच न म्हणता चाललं, तर आपण दोघं एकमेकांचे कोण?

मुलाला विचारायचं त्यांनी तीन संध्याकाळ पुढे ढकललं. शैलेंद्र बँकेतून उशिरा यायचा. बँकेत माणसं कमी करणं चालू होतं, आणि तो घरीही, आता कुणी दार वाजवेल अशा धास्तीने, कान देऊन बसायचा. शुक्रवारी मात्र तो लवकर आला. दोघं जेवायला बसले. नानांनी आमटी वाढता वाढता सांगून टाकलं.

"जा की," शैलेंद्र म्हणाला. "मी कशाला नाही म्हणू?"

"तुला आवडणार नसेल तर..."

"नाना, माझ्या आवडीचा प्रश्न कुठे येतो यात? कधी आला होता?"

नानांनी त्याच्या पानात आणखी एक डाव आमटी घातली. तेवढ्यानेच बहुतेक शैलेंद्र पेटला. पण तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पाँपेईत माझा पाय मुरगळला होता. आठवतं?"

"पाय?"

"त्या रस्त्यातल्या उंच दगडांवरून उतरताना. मी हाक मारली तुम्हाला. पण तुम्हा दोघांच्या कानात ते यंत्र, आणि ती बाई बोलतेय. ऐकू कसं जाणार? तुम्ही वळलात आणि दिसेनासे झालात. मी एका भिंतीच्या सावलीत बसून राहिलो. तासाभराने आलात दोघं, हसत. तुम्ही मला काय विचारलंत सांगू? 'शैलू, भट्टी पाहिलीस का रे?'"

नानांना भट्टी आठवत होती. बेकरीवाल्याच्या अंगणातली काळ्या दगडाची मोठमोठी जाती, विटांची कमान, आतली धुराने काळवंडलेली पोकळी. फ्लावियाची हिरवी छत्रीही आठवत होती. मुलाचा पाय आठवत नव्हता. त्या दिवशी त्याने कुठला शर्ट घातला होता, तो लंगडत होता का, रात्री जेवला का, काही काही आठवत नव्हतं.

"तू सांगायचंस रे."

"कोणाला?" शैलेंद्र म्हणाला. "तीन वर्षं मी मागून चालत होतो. तुम्ही मजेत होतात, म्हणून बोललो नाही. आता जा. खरंच जा. मला काही वाटणार नाही."

एका मुरगळलेल्या पायावर संसार मोडत नाहीत, एवढं नानांनाही कळत होतं. शैलेंद्रचा स्वभाव घुमा, ऋग्वेदाचा तडकाफडकी, दोघांच्या खोलीचं दार बंद झाल्यावर काय चालायचं ते नानांना ठाऊक नव्हतं. पण आपल्या म्हातारपणातले सगळ्यात सुखाचे दिवस मोजायला बसावं आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी पोटचा मुलगा कुठेतरी मागे भिंतीशी बसलेला सापडावा, हे त्यांना सोसेना. तेव्हा मान वळवायला काय लागलं असतं? काहीच नाही.

ओस्तियाला जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ठरवल्यावरही त्यांना भरवसा वाटेना. आपण मुलासाठी नाही म्हणतोय, की पूर्वीच्या नवऱ्याचे वडील म्हणवून घ्यायची लाज वाटते म्हणून? की नुसते भितोय, नेहमीसारखे? आतून जे उत्तर यायचं ते नेमकं त्यांना नको असलेलंच असायचं.

शनिवारी क्वीन्सटाउनला ऋग्वेदा आधीच येऊन बसली होती. कोपऱ्यातलं टेबल पकडून तिने त्यांच्यासाठी साखर कमी घातलेला चहाही सांगून ठेवला होता.

"गुडघा दुखतोय गं," नाना बसता बसता म्हणाले. "तीन तीन तास चालणं आता..."

"आत्ता तर रस्त्यावरचा पूल चढून आलात. टेकलासुद्धा नाहीत कुठे. मी बघत होते." ती त्यांच्याकडे रोखून पाहत राहिली. "शैलेंद्र काही बोलला?"

"नाही, नाही. तो जा म्हणाला."

"मग?"

नानांनी ग्लास फिरवला. खोटं पुढे रेटायचं कसब त्यांच्यापाशी नव्हतं. "पाँपेईत शैलूचा पाय मुरगळला होता. मला काल कळलं. त्याने हाक मारली, आणि आपल्याला पत्ता नाही. तुला तरी ठाऊक होतं का?"

ऋग्वेदाने हातातला ग्लास खाली ठेवला. पलीकडे कोणीतरी खुर्च्या ओढत होतं, चिनी बातम्या चालू होत्या.

"हो," ती म्हणाली.

"कधी कळलं?"

"तेव्हाच. मी वळून बघितलं होतं, नाना. तो दगडावर हात टेकून उभा होता. माझ्याकडेच बघत होता."

"मग थांबली का नाहीस?"

"मला थांबायचं नव्हतं." तिचा आवाज खाली आला. "आदल्या रात्री आमचं खूप झालं होतं. मला वाटलं, एक तास तरी मला त्याच्याशी बोलायला लागू नये. तुम्ही भट्टीकडे निघाला होतात, कसली घाई झाली होती तुम्हाला. मी तुमच्या मागे आले."

नाना तिच्याकडे बघत राहिले. म्हणजे मुलाला माहीत होतं. तिने बघितलं आणि ती वळली, हे तो दोन वर्षं जाणून होता, आणि काल जेवताना बापाला सांगताना त्याने तेवढंच गाळलं होतं. सुनेचा दोष त्याने झाकला, की दोष द्यायला एकटा बाप शिल्लक ठेवला, कोण जाणे.

"म्हणजे माझ्याबरोबर यायचीस ते..." नानांना वाक्य पुरं करवेना.

"तसं नाही हो. सगळं तसं नव्हतं. मला ते खरंच आवडायचं. त्या घरात मी माणूस म्हणून कोणाला हवी असेन तर सहलीच्या त्या आठ दिवसांत तुम्हाला." तिने डोळे पुसले, रागाने पुसल्यासारखे. "पण तो भाग होता. नव्हता असं नाही म्हणणार मी. तुम्हाला खोटं सांगता येत नाही, मलाही नाही येत. म्हणून तर आपलं जमायचं."

यावर काही बोलायला हवं होतं. नानांना अनेक वाक्यं सुचली आणि प्रत्येकात त्यांना चूक दिसली.

"फ्लावियाला सांग," ते शेवटी म्हणाले, "की म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही."

"सांगते."

"तू जा मात्र. सोडू नकोस."

"बघू," ऋग्वेदा म्हणाली. ती उठली, पर्स खांद्याला लावली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली. इतक्या वर्षांत ती सणावारीसुद्धा टाळाटाळ करायची, नाना हसून सोडून द्यायचे. आज भर कॉफी शॉपमध्ये तिने ते केलं. नानांनी आशीर्वादाला हात उचलेपर्यंत ती निघालीही होती. पुढच्या शनिवारचं ती काही बोलली नव्हती.

घरी शैलेंद्र कुकर लावून बसला होता. नानांनी हातपाय धुतले, पानं घेतली. वरणभात, लोणचं. निम्मं जेवण झाल्यावर शैलेंद्रने विचारलं.

"सांगितलंत?"

"हो. नाही जमणार म्हटलं."

शैलेंद्रचा हात थांबला. "का? मी जाऊ नका म्हटलं नव्हतं."

"नाही म्हटलंस."

"मग?"

मुलाला विचारावं का, तिने वळून बघितलं होतं हे तू मला का सांगितलं नाहीस? नानांनी तोंड उघडलं आणि भाताचा घास घेतला.

"मला वाटलं होतं तुम्ही जाल," शैलेंद्र म्हणाला. तो पानाकडे बघत होता. "ऑक्टोबरमध्ये त्याच आठवड्यात हा फ्लॅट दाखवायचं ठरलंय. एजंट माणसं घेऊन येणार. विकायलाच लागणार हा, आम्हा दोघांच्या नावावर आहे. तुम्ही इथे नसलात तर बरं, असं... म्हणजे तुम्हाला त्रास नको म्हणून."

"विकल्यावर?"

"मी एखादी खोली बघतो सध्या. तुमचं बघू. पुण्याला काकांकडे काही दिवस..." वाक्य तिथेच सोडून त्याने भातावर वरण वाढून घेतलं.

नानांनी मान डोलवली. लोणच्याची फोड त्यांनी पानाच्या कडेला सारली.

"माणसं येतील तेव्हा मी खाली जाऊन बसेन," ते म्हणाले. "मला आधी सांग फक्त, किती वाजता ते."

"हो," शैलेंद्र म्हणाला, आणि भात कालवत राहिला.