ज्वारीच्या रानातलं स्नेहसंमेलन

"सर, एवढ्याशा नखात अख्खं कपाट बसलं?" सृष्टीने मेमरी कार्ड बोटाच्या टोकावर धरून विचारलं.

"बसलं. आणि अजून अर्धं कपाट मावेल एवढी जागा आहे," मी म्हणालो.

रविवारची सकाळ होती. औंधजवळच्या आमच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि स्नेहसंमेलनं, सहली, प्रदर्शनं यांचं चित्रीकरणही मीच केलं. त्याच्या एकशे सव्वीस डीव्हीडी घरी कपाटात होत्या. त्यातल्या काही आता अडखळायला लागल्या होत्या, म्हणून सांगलीला एका लग्नाला गेलो तेव्हा स्टँडजवळच्या टपरीवरून मी एक टीबीचं कार्ड आणलं. एका डीव्हीडीत साडेचार जीबी धरले, तर तेवढ्या कार्डात दोनशेच्या वर डीव्हीडी मावतात. सातवीतली सृष्टी आणि तिची मैत्रीण सोनिया तीन आठवडे रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. एक डीव्हीडी घालायची, सगळं कार्डावर उतरवायचं, काढायची, पुढची घालायची. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, त्यामुळे सगळं थेट कार्डावरच जात होतं.

दुसऱ्याच आठवड्यात सृष्टीला २००८च्या डीव्हीडीच्या पाकिटात कार्यक्रमपत्रिका सापडली. वक्तृत्व, चौथं भाषण: क्रांती, दहावी अ. ती सृष्टीची आई. सृष्टी दोन वर्षांची असताना ती गेली. घरात तिचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही.

"आताच लावू या," सृष्टी म्हणाली होती.

मी तिला थांबवलं. सगळं कार्डावर आलं की रविवारी तुमच्या टीव्हीवर, वडिलांसोबत आणि आजीसोबत बघू, असं म्हणालो. वडिलांना आधी काही सांगायचं नाही, असं तिने सोनियाकडून वदवून घेतलं.

मग शेवटची डीव्हीडी उतरवून झाली, आणि बुधवारी सृष्टीचे वडील, बिरदेव, माझ्या दारात आले. "सर, त्या थाळ्या आता कामाच्या न्हाईत म्हनं. ज्वारी हुरड्यात आलीया, पाखरं लय लागल्यात. रानात टांगीन म्हनतो." मी डीव्हीडींच्या दोन्ही पिशव्या उचलून त्यांच्या हातात दिल्या.

तर तो रविवार. सृष्टीची आजी सुलाबाई नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली होती. बिरदेव रानात होते, त्यांना हाक मारायच्या आधी फाईल शोधून ठेवू म्हणून सृष्टीने कार्ड जोडलं. पडद्यावर एकशे सव्वीस नावं ओळीने आली. तिने २००८ वर बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. खाली अक्षरं आली: ही फाईल चालवता येत नाही.

तिने २००९ लावून पाहिलं, २०१२ लावून पाहिलं. तेच. पहिल्या सात डीव्हीडी व्यवस्थित चालत होत्या, आठवीपासून पुढे सगळं पोकळ. काय झालं ते मला कळलं.

"कार्ड खोटं आहे," मी म्हणालो. "आत जागा जेमतेम बत्तीस जीबीची. पण विचारलं की ते एक हजार सांगतं. नावांची यादी सुरुवातीच्या जागेत लिहिली जाते, म्हणून नावं सगळी दिसतात. मागचं चित्रण मात्र ठेवायला जागाच नव्हती."

"म्हंजे हजेरीत समदी हजर आन् बाकं रिकामी," सोनिया म्हणाली.

"पण सर, आपण ताळा केला होता की," सृष्टी म्हणाली.

"नावांचा केला. पहिल्या चार फाईली उघडून पाहिल्या आणि तिथंच थांबलो. गणिताच्या वहीत मी हे कुणाला चालू देत नाही. चूक माझी आहे, बाळा."

सुलाबाई आमच्याकडे बघत होती. "आवं, पर थाळ्या रानात हायत की. गेल्यात कुठं?"

सृष्टी चप्पल न घालताच निघाली.

रान घरापासून हाकेच्या अंतरावर. कणसांच्या वर सुतळ्या ताणल्या होत्या आणि त्यांवर डीव्हीडी गरगर फिरत होत्या. सगळ्या शिवारावर उन्हाचे कवडसे पळत होते. मला ते बघून आनंद व्हायला हवा होता, पण मी उन्हाचा हिशोब करत होतो. घरी भरलेल्या डीव्हीडीत रंगाचा एक पातळ थर असतो, यंत्राचा किरण त्या थरावर खुणा करतो. ऊन त्याचा वैरी. चार दिवस झाले होते.

सृष्टीने जवळची एक ओढून घेतली, उलटी केली, पुन्हा उलटी केली. "सर, हिला नावच न्हाई. दोन्हीकडून चमकतीया."

बिरदेव बांधावरून आले. "दोन दोन पाठीला पाठ लावून चिकटवल्या. दोन्ही अंगानं चमकल्या तर पाखरू बसत न्हाई. का? काय वंगाळ झालं व्हय?"

सृष्टीने एक श्वास घेतला. "आप्पा, ह्यातल्या एकीत आई हाय. बोलतीया."

बिरदेवांनी कमरेचा विळा काढला आणि पहिली सुतळी कापली, मग दुसरी. त्यांच्यामागून आम्ही ओंजळीत, पदरात, टोपलीत गोळा करत होतो. एक जोडी त्यांनी हातात घेतली आणि नखं घालून ती फाडायला लागले.

"थांबा, बिरदेव. तोडू नका. कशानं चिकटवल्या?"

"सुतारकामाचा पांढरा गोंद. लाकडासाठी आनला हुता."

मला हायसं वाटलं. "मग कोमट पाण्यात सुटतील."

"पर पाठीला गोंद लागला न्हवं? आतलं पुसलं असंल," ते म्हणाले.

"सीडी असती तर पुसलं असतं. सीडीचा थर नावाच्या कागदाखालीच असतो, पोळीवरच्या तुपासारखा, ओढला की निघाला. डीव्हीडी म्हणजे पुरणपोळी. पुरण मधोमध, वर पारी, खाली पारी. पाठीला कितीही गोंद लागू दे."

"सर, तुमी आता खायचं नाव काढू नका," सोनिया म्हणाली, "मी न्याहारी न करता पळालीया." आणि त्या गडबडीतही सृष्टी हसली.

सुलाबाईने अंगणात चुलीवर पाणी ठेवलं. कोमट झाल्यावर दोन घमेल्यांत जोड्या सोडल्या. पाच मिनिटांत पहिली जोडी आपोआप सुटली. मग सुरू झाली घाई. आजी सोडवायची, सोनिया पुसायची, सृष्टी नावं वाचायची: सहल २०११, विज्ञान प्रदर्शन २०१३, संमेलन २००९. गोंदाबरोबर काही नावांची शाईही निघून येत होती. शेवटी तीन डीव्हीडी अशा उरल्या की नुसतं "संमेलन २००" दिसत होतं, पुढचा आकडा गेलेला.

मी ड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन आलो. पहिली घातली: २००५, लेझीम. दुसरी: २००७. तिसरी घालण्याआधी सोनियाने ती उन्हात तिरकी धरली. "सर, हिचा काठ पार खरवडलाय. ज्वारीच्या पात्यांनी घासलीया."

"काठावर शेवटचे कार्यक्रम असतात," मी म्हणालो. "डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते आणि तशीच वाचली जाते. बक्षीस समारंभ गेला असेल."

"आईचं भाषण चौथं हुतं," सृष्टी म्हणाली. "म्हंजे आत."

ड्राइव्ह घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. पडद्यावर शाळेचं फाटक आलं, त्यावर झेंडूच्या माळा आणि २००८ची पाटी. मी चालू करायला बोट नेलं, तेवढ्यात सृष्टीने माझं मनगट धरलं.

"आदी उतरवून घेऊ, सर. परत फिरलीच न्हाई तर?"

तिच्याहून जास्त घाई तिथं कुणाला नव्हती. मी माझे गावच्या यात्रेचे व्हिडिओ भराभर काढून टाकले आणि लॅपटॉपवर जागा केली. हिरवी पट्टी सरकायला लागली. डीव्हीडीवरचं चित्रण चार-पाच भागांत असतं, त्यातला पहिला भाग आला. दुसरा आला. तिसऱ्याला ड्राइव्ह खोकल्यासारखी करायला लागली आणि आम्ही पाचही जण तिच्यावर असे वाकलो, जणू वजनानं ती फिरणार होती. तिसरा आला. चौथ्याला ती अडली ती अडलीच.

"तीन पुरतील?" बिरदेवांनी विचारलं.

"बघू."

सृष्टीनेच उघडलं. स्वागतगीत, अध्यक्षांचे दोन शब्द, मग एकामागून एक तीन मुलं भाषण करून गेली. मग दोन वेण्या, लाल रिबिनी आणि हनुवटीपेक्षा उंच माईक. तिने तो खाली ओढला. "आदरणीय व्यासपीठ," ती म्हणाली, आणि तिथंच विसरली. सभागृहात कुणी तरी खिदळलं. ती पण हसली, केस मागे सारले आणि पाण्याच्या टंचाईवर अशी काही बोलत सुटली, की वेळ संपल्याची घंटा वाजली तरी थांबेना. घंटा पुन्हा वाजली.

"आवं सर, माझं ऱ्हायलंय अजून," क्रांती म्हणाली, आणि पुढे बोलत राहिली.

सृष्टीचा हात तोंडावर गेला होता. सुलाबाई पदराआड गेली. बिरदेव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, हातात विळा तसाच.

"सर," ते म्हणाले, "आवाज जरा वाढवा."