पाठमोरा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे, मिठबावच्या शाळेतला. पण तुम्ही मला ओळखाल असे वाटत नाही. गेली बारा वर्षे सगळ्यांनी माझी पाठच पाहिली.

शहरातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. मागे पांढरे कापड, वर-खाली लाकडी दांडी आणि छातीवर ठळक नाव: 'पुरुष प्रजनन संस्था'. माझ्याबरोबर हृदयाचा तक्ता आला, पचनसंस्थेचा आला, कानाचा आला. त्यांच्यावर दरवर्षी पट्टी फिरायची. हृदयाचा रंग तर मुलांच्या बोटांनी उडून गेला. भाग्यवान! माझा रंग अजून कोरा करकरीत आहे, आणि त्याचेच मला दुःख आहे.

विज्ञानाच्या परशुराम सरांनी मला एकदाच उलगडले. लगेच गुंडाळले आणि शाळेचा शिपाई सत्यवान याला म्हणाले, "हा कपाटामागे ठेव रे." मग मुलांकडे वळून, "हा धडा घरी वाचून घ्या."

घरी कोण वाचणार, सांगा बरे! आवाज फुटला, ओठांवर लव आली म्हणून कानकोंडी झालेली मुले त्याच वर्गात बसत. वृषणांत तयार होणाऱ्या रसामुळे हे घडते, यात भिण्यासारखे काही नाही, हे माझ्यावर स्वच्छ लिहिले होते. पण कपाटामागे ते वाचायला फक्त पाली होत्या.

शाळेशेजारीच देऊळ आहे. तिथले कीर्तन मला ऐकू येई. तेवढाच माझा विसावा. भिकाजीबुवा निरूपणात म्हणत, हा देह देवाने घडवलेले मंदिर आहे. मी मनात म्हणे, बुवा, त्या मंदिराचा एक दरवाजा या लोकांनी कायमचा बंद करून ठेवलाय, त्याचे काय?

यंदा गावात हरिनाम सप्ताह बसला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. कुणी कधी पहारा करायचा त्याची यादी देवळात टांगतात. ती यादी लिहायचे काम सत्यवानाचे, आणि मोठा कागद आणायला तो साफ विसरला. मग त्याला मी आठवलो! "ह्येचो तरी काय उपयोग," म्हणत त्याने माझ्या पाठीवर लाल शाईने सगळी नावे लिहिली आणि मला भिंतीकडे तोंड करून टांगले. सात दिवस मी हरिनाम ऐकले, पण नाक भिंतीला लावून.

आठव्या दिवशी दहीकाला झाला. सत्यवानाची बायको मथुरा देऊळ झाडत होती. त्यांच्या लग्नाला आठ वर्षे झाली होती, पाळणा हलला नव्हता. यंदा शाळेत आलेल्या चारुता मॅडम हा धडा शिकवण्यासाठी मला शोधत तिथे पोचल्या. त्यांनी हात लावताच एका बाजूची जुनी दोरी तुटली आणि मी गर्रकन फिरलो. बारा वर्षांनी माझे तोंड उजेडात आले.

"बाई, ह्या चित्र कसला?" मथुरेने केरसुणी थांबवली.

"पुरुषाच्या शरीराचं, मथुराताई. बीज कुठे तयार होतं, ते यात दाखवलंय."

सत्यवान धावत आला. "मॅडम, देवळात आसंव आपण! उलटो करा तो पयलो!"

मथुरा हलली नाही. "आठ वर्षा गोळ्यो खातंय. दोनदा माझ्या पोटाची तपासणी झाली. परवा ह्यांची आवस, माझी सासू, माका मायेराक धाडतली, कायमची. आणि बीज बापयाकडेपण आसता?"

"दोघांकडे असतं. अर्धं तुमचं, अर्धं यांचं."

"माका काय धाड भरली हा?" सत्यवान भडकला. "मी धडधाकट आसंय!"

"असाल की. पण हा दोष बाहेरून दिसत नाही, दादा." मॅडमनी माझ्यावर बोट ठेवले. त्या बोटासाठी मी एक तप थांबलो होतो! "हे दोन वृषण. बीज इथे तयार होतं. त्याला शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो, म्हणून ते पिशवीत, बाहेर असतात. मागे अधिवृषण, तिथे बीज पिकतं. मग या शुक्रवाहिनीतून वर जातं. वाटेत ग्रंथींचा रस मिसळतो, आणि शिश्नातून बाहेर येतं. यात कुठेही अडचण येऊ शकते. तपासणी साधी असते."

सत्यवान बुवांकडे वळला. "बुवा, तुमी तरी सांगा ह्यांका! देवळात ह्या बोलना शोभता?"

भिकाजीबुवा टाळ पुसत बसले होते. त्यांनी दोन्ही वाट्या उचलल्या. "सत्यवाना, टाळाचो नाद बिघडलो तर आमी एकच वाटी तपासतो काय रे?"

"नाय."

"दोनय बघतो. मग आठ वर्षा एकच वाटी कित्याक घासतंस? आणि देवान घडवल्यान त्येची देवळात लाज कसली?"

 दुसऱ्याच दिवशी सत्यवान सरकारी दवाखान्यात गेला. मला मॅडमनी वर्गात आणून भिंतीला टेकवले होते. परत आल्यावर तिथे माझ्यासमोर उभा राहून त्याने त्यांना सांगितले, "डाव्या वृषणाच्या शिरा फुगल्यात. उष्णतेन बीज कमी पडता म्हणाले. बारीक ऑपरेशन करतले. मगे थोडे महिने वाट बघूची. खात्री नाय दिल्यानी." मग हळूच म्हणाला, "आवशीक सांगितलंय, दोष माझ्यात गावलो. मथुरा खंय जावची नाय."

हे वाक्य बोलायला त्याला आठ वर्षे लागली, मित्रांनो. आणि ती आठही वर्षे तो रोज माझ्यावरून झाडू मारत होता! मला आनंद झाला, पण त्याहून जास्त चीड आली.

त्यांच्या घरी पाळणा हलेल की नाही, मला ठाऊक नाही. मी तक्ता आहे, कौल देणारा देव नाही.

काल सत्यवान हातोडी घेऊन आला आणि त्याने मला हृदयाशेजारी टांगले, तोंड वर्गाकडे करून. परशुराम सर दारात थबकले. "अरे, मुलं हसतील. उलटा लाव."

मुले खरेच खुसखुसत होती. सत्यवानाने खिळ्यावर शेवटचा घाव घातला.

"नाय, सर. तो उलटो होतो म्हणान माझी बायल आठ वर्षा रडली."

 मित्रांनो, माझी पाठ आता पुरे झाली. पुढे या, बोट लावा, विचारा. माझा रंग उडू द्या.