वेंडलला बाहेर बोलावलं तेव्हा

चूक माझीच. एकसष्ट वर्षांचा झालोय, अर्धं आयुष्य बेसबॉलच्या मैदानावर गेलंय, आणि तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात काय शेण भरलं होतं देव जाणे!

जुलैची एकतीस तारीख. संध्याकाळी सहाला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायची. आमची टीम एकशे सात सामन्यांत बहात्तर हरलेली. वरच्या मजल्यावरचा प्रेस्टन, आमचा जनरल मॅनेजर, वय वर्षं चौतीस, म्हणत होता, "कोच, मोडल्याशिवाय नवं उभं राहत नाही." आठवड्याभरात त्याने माझे चार खेळाडू दुसऱ्या टीमना देऊन टाकले आणि बदल्यात मिसरूड न फुटलेली पोरं आणली. मोडायला काय, कुणालाही येतं.

उरला होता वेंडल क्रासिकी, आमचा कॅचर, फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. पंधरा वर्षं आमच्याकडे, गुडघ्यांची पार वाट लागलेली. सकाळी माझ्या खोलीत आला. "कोच, ऑक्टोबरचे विजेतेपदाचे सामने मी आयुष्यभर टीव्हीवरच पाहिले. कुठलीही जिंकणारी टीम चालेल. बाकावर बसवलं तरी चालेल. वर सांग ना."

"सांगतो रे, म्हाताऱ्या," मी म्हणालो, आणि सांगितलंही. प्रेस्टन म्हणाला, दोन ठिकाणी बोलणं चालू आहे.

सामना दुपारचा. सहाव्या डावात वेंडल लंगडताना दिसला. माझा जीव कळवळला, मी त्याला बाहेर बोलावलं. बस्स! मुदतीच्या दिवशी चालू खेळातून माणूस बाहेर काढला की त्याचा अर्थ एकच: याचा सौदा झाला. हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. मीच विसरलो.

पोरं बाकावरून उठली, एकेक करून त्याच्या गळ्यात पडली. प्रेक्षक उभे राहिले. वेंडलने टोपी काढून चारी बाजूंना हलवली. तो हसत होता, रडत होता. मी ओरडलो, "अरे, गुडघ्यासाठी काढलाय!" पण त्या टाळ्यांत माझं कोण ऐकतंय?

सामना संपल्यावरही मी त्याला सांगितलं नाही; वाटलं, सहाच्या आत सौदा खरंच होईल. सहा वाजून गेले. प्रेस्टनचा फोन आला. "कुणी घेतला नाही. गुडघे."

मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो. वेंडल एकटाच होता. अंघोळ करून, कोट घालून, बॅग भरून बसलेला.

"कुठे?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही रे. मी तुला फक्त आराम द्यायला..."

तो शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता कोटाची बटणं काढत बसला. त्याला निरोप द्यायला जमलेली माणसं बाहेर फाटकाशी त्याच्या नावाने ओरडत होती.

"कोच," तो म्हणाला, "मागचं दार उघडून देतोस?"

मी उघडून दिलं.