आवाज बसेल, एवढंच

आमच्या ह्यांना ओळखीपाळखीतले सगळे रेडिओ म्हणतात. जन्मभर शिवणकाम केलं. यंत्र थांबायचं, पण तोंड नाही. माप घेताना बोलायचे, काजं करताना बोलायचे, ओठांत टाचण्या धरूनसुद्धा बोलायचे. त्यातला पाटलोणीचा किस्सा त्यांचा सर्वांत लाडका. ‘एकदा एक लठ्ठ गिऱ्हाईक आलं’ असं सुरू झालं की मी म्हणायची, ‘माहीत आहे, गप्प बसा जरा.’ खरं सांगायचं तर त्याचा शेवट काय आहे ते मला माहीतच नाही. तिथवर मी त्यांना कधी जाऊच दिलं नाही.

म्हातारपणी आम्ही मुलाकडे राहायला आलो. इथली भाषा आम्हा दोघांना येत नाही, मुलाला येते. तेवढ्यावर आमचं बरं चाललं होतं. मग ह्यांचा घसा बिघडला. आवाज घोगरा झाला, घास अडकायला लागला, आणि हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. ते बराच वेळ बोलले. मध्येच कागदावर गळ्याचं चित्र काढलं, त्यावर आडवी रेघ मारली, पुन्हा बोलले. मुलगा मान हलवत राहिला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“गाठ आहे. ऑपरेशन करून काढतील. नंतर आवाज बसेल म्हणाले.”

“एवढंच?”

“एवढंच, आई.”

“बसला तर बसू दे,” हे म्हणाले. “दम खाल्ला की उठेल आपोआप.”

मी हसले. मुलगा हसला नाही. बापाच्या फालतूतल्या फालतू विनोदाला खिदळणारा पोरगा तो. पातेलंभर बोलणं आत जातं आणि वाटीभर बाहेर येतं, म्हणजे मध्ये कुणीतरी ठेवून घेतंय, एवढं मला कळतं. पण विचारणार कुणाला? डॉक्टरांना विचारायचं तरी त्याच्याच तोंडून विचारायचं.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायच्या दिवशी नर्स चाकांच्या स्टँडवर टीव्हीसारखा एक पडदा ढकलत आली. मुलगा तिच्याशी हुज्जत घालायला लागला.

“काय झालं रे?”

“नवा नियम काढलाय. सहीच्या आधी घरच्या माणसानं सांगायचं नाही म्हणे, यांचाच दुभाषी हवा. मी काय परका आहे?”

पडद्यावर एक बारीकशी पोरगी उगवली, कानाला हेडफोन लावलेली. “नमस्कार,” ती चक्क आपल्या भाषेत म्हणाली. “मी दुभाषी. या खोलीत जे जे बोललं जाईल, ते सगळं मी दोन्हीकडे सांगणार.”

डॉक्टर काही बोलले. पोरगी म्हणाली, “तुमच्या घशाचं ऑपरेशन मी करणार आहे.”

“अगं बाई,” मी ह्यांच्या कानात पुटपुटले, “ही एवढीशी पोर ऑपरेशन करणार?”

पोरगी लगेच तिकडच्या भाषेत बोलली आणि डॉक्टर खो खो हसले. मग डॉक्टर बोलले आणि पोरगी म्हणाली, “नाही आजी, मीच करणार.” तेव्हा डॉक्टरांचं बोट स्वतःच्या छातीवर होतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरांचं ‘मी’ ती ‘मी’ म्हणूनच सांगत होती. आणि माझं पुटपुटणंसुद्धा तिनं पोचवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर पुढचं बोलले. या वेळी चेहरा गंभीर होता. पोरगी तोंड उघडणार तोच मुलगा पुढे झुकला.

“ताई, हे असंच्या असं सांगू नका हो. बाबा ऑपरेशनला नाही म्हणतील. नुसतं आवाज बसेल म्हणा.”

आपल्या भाषेत बोललेलं आपल्या आईबापांनाही कळतं, हे तो घाईत विसरला. पोरगी थांबली नाही. तिनं ते वाक्य डॉक्टरांना सांगून टाकलं, डॉक्टरांचं उत्तर ऐकलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

“गळा तुमचा आहे. तुम्हाला सगळं ऐकायचंय का?”

“ऐकायचंय,” हे म्हणाले.

“मी तुमची स्वरपेटी पूर्ण काढणार आहे. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून चालेल. आवाज बसणार नाही, जाणार आहे. कायमचा. पुढे झडप बसवून किंवा यंत्र लावून बोलायला शिकता येतं. पण तो आवाज हा नसेल.”

मुलगा रडायला लागला. “तुम्ही नाही म्हणाला असतात, बाबा.”

मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. “आणि शुद्धीवर येऊन त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं असतं तेव्हा? तेव्हा काय सांगणार होतास? बसलाय म्हणून?”

पोरगीनं हेही सांगितलं. डॉक्टरांनी मान खाली घातली.

“नाही काढलं तर?” ह्यांनी विचारलं.

“किरणांचे उपचार करून बघता येतील. पण गाठ मोठी आहे, तेवढ्यानं ती जाईल याची मला खात्री नाही. काढलेली बरी, असं माझं मत.”

मग हे बोलायला लागले. कात्री लावायच्या आधी गिऱ्हाइकाला कापड दाखवायचं असतं, असं काहीतरी सुरुवातीला होतं, मग दुकानावर गेले, तिथून कुठल्या तरी कोटावर. मी सवयीनं त्यांना कोपरानं ढोसणार होते. पण पोरगी एकेक वाक्य उचलून पलीकडे ठेवत होती आणि डॉक्टर ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं कुणी सगळं ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. “रडू नको. मीही तुझ्या आजोबांना असंच गुंडाळून सांगितलं असतं.” मग डॉक्टरांना म्हणाले, “काढा.” आणि सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना ढकलगाडीवर घेतलं. तो पडदा आणि त्यातली पोरगी सोबत होती. “अजून काही विचारायचंय? काही सांगायचंय?” डॉक्टरांनी तिच्या तोंडून विचारलं. ह्यांनी मान हलवली, नाही. उठल्यापासून त्यांनी एक अक्षर उच्चारलं नव्हतं. हा माणूस गप्प बसावा म्हणून मी जन्म घालवला, आणि आता ते गप्प होते तर मला सहन होईना.

“बोला ना हो काहीतरी,” मी म्हटलं.

पोरगीनं ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गाडीच्या दांडीवरचा हात काढला आणि ते बाजूला उभे राहिले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

“पाटलोणीचं सांगितलंय का तुला?”

“नाही,” मी म्हटलं. “सांगा.”