बसायची रीत

त्या दिवशी सकाळपासूनच माझं डोकं तडकलं होतं. ऋचाचे पाय चपलेत मावत नव्हते. सातवा लागलेला, बीपी चढतंय, डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं की उभं राहू नकोस, बाळाला धोका आहे. आणि आमच्या दुकानात बसायलाच बंदी! कपूरथला नावाच्या बाजारात आमचं चिकनकारीचं, लखनवी भरतकामाच्या साड्या-कपड्यांचं दुकान. मी, ऋचा आणि अजून दोघी, दिवसभर काउंटरमागे उभ्या.

पूर्वी असं नव्हतं हो. हेमचंद्र बाबूजी मालक होते तेव्हा दुकानभर पांढरी गादी अंथरलेली असायची. गिऱ्हाईक बसायचं, आम्ही बसायचो, बाबूजीही तिथेच मांडी घालून. चहा आला की पहिला कप आमच्यापुढे. "बैठ के दिखाओ बिटिया, कढ़ाई गोद में खुलती है," म्हणायचे. ते गेले आणि त्यांच्या मुलाने, अमोघभैयाने, सगळ्यांत आधी ती गादी उचलली. काचेचे काउंटर आले, गिऱ्हाइकांना खुर्च्या आल्या आणि छताला कॅमेरा आला. भैया घरून मोबाइलवर बघतो. कुणी जरा टेकलं की दुकानाचा फोन वाजलाच. "नयनाजी, स्टाफ खड़ा रहेगा तो स्मार्ट लगेगा." स्मार्ट म्हणे! स्वतः सोफ्यावर लोळून आम्हाला स्मार्टपणा शिकवतोय मेला.

ऋचासाठी मी बोलून पाहिलं होतं. एकदा गोडीगुलाबीने, एकदा आवाज चढवून. "नहीं होता तो घर बैठें," एवढंच उत्तर. घरी बसून खाणार काय? नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. ती बिचारी भिंतीला पाठ टेकून उभी, आणि मी येता-जाता तिच्या पायांकडे बघतेय. कामात लक्ष म्हणून लागेना. गुलाबी मागितलं तर अंगुरी काढलं, एका बाईवर उगाचच खेकसले.

त्यात संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच दिवशी, दुकानातच. कल्पना माझीच. महानगर, मानक नगर या इथल्या वस्त्यांतल्या आणि बख्शी का तालाबच्या एअरफोर्सवाल्या मराठी बायका येणार, चार साड्या खपणार, म्हणून भैया खूश.

दुपारी बायका आल्या. सगळ्यांत पुढे चंद्रप्रभाकाकू. युनिव्हर्सिटीत शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात, पण आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी ऋचाला पाहिलं मात्र.

"अगं बाई! कितवा हिला?"

"सातवा," मी म्हटलं.

"मग ही उभी का?"

मी छताकडे बोट दाखवलं आणि सगळं भडाभडा ओकून टाकलं. सांगताना डोळे भरून आले. काकूंनी नुसतं "हं" केलं. मग खुर्चीतल्या एअरफोर्सवाल्या दीप्तीला म्हणाल्या, "ऊठ गं. हिची ओटी भरू या."

ऋचाला त्या खुर्चीत बसवलं. बसताच तिने मोठा सुस्कारा सोडला. काकूंनी कुंकू लावलं, ओटीत बोरं, हरभरे, उसाची कांडी घातली. एवढ्यात फोन वाजला.

"ऋचा क्यों बैठी है?"

"भैया, रस्म चल रही है."

"गोदभराई? अच्छा, अच्छा. जल्दी निपटाइए."

झालं! ओटी भरायला असा कितीसा वेळ लागतो? मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"नमस्ते बेटा. देखो, हमारे यहाँ सातवें में जिसको बिठाया, वो नौवें तक बैठ के ही काम करती है."

मी थिजलेच. अशी रीत? माझी आई, सासू, नाशिकची अख्खी आळी, कुणाच्या तोंडून म्हणून ऐकली नव्हती!

"और बीच में किसी ने उठाया," काकू शांतपणे म्हणाल्या, "तो उस दुकान की लक्ष्मी भी उठ जाती है."

दीप्तीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. काकूंनी फोन माझ्या हातात दिला.

"नयनाजी, सच में ऐसा है?"

माझं खोटं बाहेर पडलं तर ऋचाच्या आधी माझीच नोकरी जाणार होती.

"हाँ भैया," मी म्हटलं. "बहुत कड़क रस्म है."

ऋचाने खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"ठीक है," शेवटी भैया म्हणाला. "काउंटर के पीछे लगवा दीजिए. कुर्सी अच्छी वाली दीजिएगा."

बायका खो-खो हसत सुटल्या. ऋचा हसता हसता रडायला लागली. मीही हसले, पण राग काही जाईना. डॉक्टरचं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही, लक्ष्मी म्हटल्यावर बरी खुर्ची निघाली! आणि आम्ही बाकीच्या होतो तशाच उभ्या.

निघताना काकूंना वाण दिलं. "काकू, आमच्या गुडघ्यांसाठीही काढा की हो एखादी रीत," मी थट्टेने म्हटलं.

काकू हसल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "फार दुखतात का गं?"

कित्येक दिवसांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. "नाही हो," म्हणायला गेले, आणि गिऱ्हाइकांदेखत उभ्या उभ्या रडले.