ठकूची वाटी

केंद्रात तिला सगळेच मावशी म्हणत. पोरं म्हणत, पोरांच्या आया म्हणत, दवाखान्यातल्या सिस्टर म्हणत, आणि वयाने तिच्यापेक्षा चांगला मोठा असलेला दारावरचा रखवालदारही तोंड वर करून मावशीच म्हणे. पण रक्ताच्या नात्याने ती तिथल्या एकाच पोरीची मावशी होती, आणि ती पोरगी म्हणजे ठकू.

ठकूचे पाय जन्मापासून तिचं ऐकत नव्हते. हात अर्धवट ऐकत, आणि जीभ तिच्या मनात असेल तेव्हाच ऐके. डोकं मात्र असं तल्लख, की वर्गातली धडधाकट पोरं गणित अडलं की तिच्या चाकाच्या खुर्चीभोवती गोळा होत. एक शब्द बोलायला तिला वेळ लागायचा. म्हणून शाळेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी वर्गाला बजावलं होतं, "ठकू बोलत असताना कुणी मधे तोंड घालायचं नाही, आणि तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही." पोरांना त्याची इतकी सवय झाली, की ठकूने तोंड उघडलं की सगळा वर्ग आपोआप गप्प होई.

केंद्र म्हणजे एक जुनं गोदाम. डाव्या अंगाला शाळा, उजव्या अंगाला दवाखाना आणि मधे मावशीचं स्वयंपाकघर. वस्तीतल्या पोरांनी सकाळी यावं, शिकावं, दुपारी पोटभर जेवावं, दुखलं-खुपलं तर सिस्टरना दाखवावं आणि संध्याकाळी घरी जावं. कल्पना चांगलीच होती. मावशीने तिला कधी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवायची ती साहेबांना.

साहेब केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना पाट्यांचं भारी वेड. हात धुवा अशी पाटी, हसत राहा अशी पाटी, भिंतीवर खिळा दिसला की त्यावर पाटी. मावशी त्यांना मागे पाटीवाले साहेब म्हणायची, आणि रागात असली की पुढेही.

आता जेवणाचं ऐका. ठकूला घास नीट गिळता येत नसे. कोरडं काही गेलं की ठसका, पातळ गेलं की ते भलत्याच नळीत. सिस्टरनी मावशीला शेजारी बसवून शिकवलं होतं, की जेवण मऊ हवं, घट्टसर हवं, गुठळी नको. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान. मग मावशी रोज सगळ्यांच्याच पातेल्यातलं ठकूपुरतं काढून घ्यायची, भात, घेवडा, गाजर, अंडं, जे असेल ते वाटून एका स्टीलच्या वाटीत भरायची आणि ती वाटी ठकूपुढे ठेवायची. जेवण तेच, पंगत तीच, फक्त ताटाऐवजी वाटी. ठकूची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर. ती दिवस मावळल्यावर घरी येई. म्हणजे पोरीच्या पोटात दिवसभरात काय पडायचं ते ह्या वाटीतूनच.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा केंद्र बघायला कोणी पाहुणे आले, पंगतीवरून नजर फिरवून गेले, आणि जाता जाता एकाने साहेबांना विचारलं, "त्या खुर्चीतल्या मुलीला ताट नाही? वाटीतच वाढता तिला? हा भेदभाव नाही का?"

झालं. साहेबांच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणघरात नवी पाटी: एकच पंगत, एकच ताट, एकच जेवण.

"म्हणजे काय, साहेब?" मावशीने पळी हातात धरूनच विचारलं.

"म्हणजे आजपासून कुणालाही वेगळं काही वाढायचं नाही. सगळी मुलं समान."

"अहो, समान आहेतच की! पण तिला गिळता येत नाही त्याचं काय?"

"सवय होईल, मावशी. आपणच तिला वेगळं पाडलं, तर जग काय करेल?"

त्या दिवशी ठकूपुढे ताट आलं. पाव, उकडलेलं अंडं, गाजराच्या फोडी. मावशीने चमच्याने कुस्करायला घेतलं, तर साहेब तिथेच उभे. म्हणाले, "तिचं तिला खाऊ द्या. स्वावलंबन!" ठकूने सगळ्यांच्या देखत पावाचा तुकडा तोंडात घातला. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून घातला, अशी ती पोरगी! आणि पुढच्या क्षणी तिचे डोळे पांढरे झाले. सिस्टर दवाखान्यातून धावत आल्या, तिला पुढे वाकवून पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा कुठे तो तुकडा बाहेर पडला. ठकू रडली नाही. ओशाळून हसली.

त्यानंतर तिने केंद्रात खाणंच सोडलं. भरलेलं ताट पुढे घेऊन बसायची, सगळ्यांचं जेवण होईपर्यंत हात मांडीवर ठेवून. मावशीने घरून डबा आणला, तर बाहेरचं अन्न आत आणायचं नाही, अशी पाटी आधीपासूनच होती. सिस्टरनी साहेबांना गाठून स्पष्ट सांगितलं, की हे धोक्याचं आहे, घास फुप्फुसात गेला तर पोर हातची जाईल. साहेब म्हणाले, समितीपुढे ठेवू. समिती कधी बसणार? सगळ्यांना वेळ असेल तेव्हा. आणि तोवर पोरीने काय करायचं, हवा खायची?

मावशी दोनदा तोंडावर भांडली. "एका पोरीला वाटीभर मऊ अन्न दिलं तर तुमचं काय घोडं मारलं?" असं सरळ विचारलं तिने.

साहेबांचा आवाज काही चढला नाही. तेच तर मावशीला जास्त झोंबायचं. "मावशी, आज तिला वेगळं दिलं, की उद्या प्रत्येक जण वेगळं मागेल."

"मागू द्या की! पोरं आहेत ती, मागतील नाही तर काय करतील?"

"नियम म्हणजे नियम. एकासाठी मोडला की तो राहत नाही."

रात्री बहीण घरी आली की भरवायची तेवढंच. पण दिवसभर उपाशी राहिलेलं पोर रात्री दोन चमच्यांतच पेंगून जाई. ठकूच्या खुर्चीला कमरेपाशी एक पट्टा होता, ती घसरू नये म्हणून. तो सैल पडायला लागला. मावशीने शेवटच्या भोकापर्यंत ओढला, तरी सैल. शेवटी एका सकाळी तिने सळई चुलीवर लाल केली आणि पट्ट्याला नवं भोक पाडलं. जळक्या कातड्याचा वास स्वयंपाकघरभर झाला. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तोंडातून शिव्या. शिव्या कोणाला होत्या ते सांगायला नको.

आणि मग साहेबांनी तोडगा काढला. काय तोडगा, ऐका. म्हणाले, "तिला जेवणाच्या आधी घरी नेत चला. म्हणजे प्रश्नच मिटला. परवा पुन्हा पाहुणे येणार आहेत, ते गेले की पुढच्या आठवड्यापासून सुरू करू."

"घरी कोण आहे तिचं?" मावशी ओरडलीच. "आई कारखान्यात, मी इथे तुमच्या चुलीपाशी. कुलूप लावून ठेवू पोरीला? आणि दुपारचं गणित कोण शिकवणार, तुमची पाटी?"

"बघा काय जमतं ते. परवा मात्र तिला आणा हं. पुढच्या ओळीत बसवायचंय."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोपुरती पोरगी हवी, जेवायला नको! ती काहीतरी बोलणार होती, जे ऐकून साहेबांनी तिला त्याच पावली घरी पाठवलं असतं. पण साहेबांचं बोलणं संपलं नव्हतं.

"आणि ऐका. परवा पाहुणे मुलांच्या पंगतीतच जेवतील. त्यांनाही मुलांचंच जेवण. अगदी तेच. कोणालाही वेगळं काही नाही. कळलं?"

मावशीने तोंड मिटलं. मग हळूच म्हणाली, "कळलं, साहेब. आता अगदी नीट कळलं."

दुसऱ्या दिवशी साहेब बाहेर गेलेले पाहून तिने पोरांना गोळा केलं. "उद्या सगळ्यांना ठकूचं जेवण. चालेल?" पोरांनी एकच गिल्ला केला. एका पोरीने नाक मुरडलं, "शी, लगदा!" मावशी म्हणाली, "एक दिवस चालवून घे, राणी. ती किती दिवस चालवून घेतेय बघ." पोरीने ठकूकडे पाहिलं आणि मान डोलावली. सिस्टरनाही मावशीने सांगून टाकलं. सिस्टर हसल्या नाहीत. "तुमची नोकरी जाईल, मावशी," एवढंच म्हणाल्या, आणि दवाखान्यातले सगळे लहान चमचे आणून दिले.

पाहुणे आले. चांगले कपडे, चांगले चेहरे, बिचाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता. साहेबांनी त्यांना शाळा दाखवली, दवाखाना दाखवला, पाट्या वाचून दाखवल्या. मग सगळे पंगतीला बसले. पुढच्या ओळीत मधोमध ठकू, तिच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला एक पाहुणीबाई.

मावशी मोठं पातेलं घेऊन बाहेर आली आणि वाढायला लागली. प्रत्येकापुढे एक वाटी, एक लहान चमचा. वाटीत भात, घेवडा, गाजर, अंडं, सगळं एकजीव वाटलेलं, घट्टसर, गुठळी नसलेलं. साहेबांपुढेही तेच.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे काय आहे?" दातांवर दात ठेवून ते पुटपुटले.

"एकच जेवण," मावशी मोठ्याने म्हणाली आणि पळीने पाटी दाखवली. "तुमच्या हातचीच ना ती?"

पोरं खुसुखुसु हसत खायला लागली. सिस्टर तर वाटी चाटूनपुसून खात होत्या. आणि ठकू! पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. आपल्या थरथरत्या हाताने तिने पहिला चमचा तोंडात नेला आणि गिळला. मग दुसरा. किती दिवसांनी ती पोर पंगतीत बसून जेवत होती! मावशीला हुंदका आला, तो तिने तसाच गिळला. आज रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

पाहुणीबाईंनी मात्र चमचाभर चाखून वाटी हळूच बाजूला सारली. "माफ करा," त्या साहेबांना म्हणाल्या, "मला असं मऊ मऊ नाही हो खाता येत. घशाखाली उतरतच नाही. दुसरं काही मिळेल का?"

"हो, हो, मिळेल ना! लगेच!" साहेब अर्धवट उठलेच. "मावशी, बाईंना पाव आणा, अंडं आणा. पळा!"

मावशी पळाली नाही. जागची हललीही नाही. कारण ठकूने चमचा खाली ठेवला होता आणि तोंड उघडलं होतं, आणि सगळी पोरं सवयीने चिडीचूप झाली होती.

"त्यांना..." ठकू म्हणाली.

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. साहेब घाईने म्हणाले, "हो बाळ, त्यांना आपण..."

"मधे बोलायचं नाही, साहेब," मागच्या ओळीतून ती नाक मुरडणारी पोरगी म्हणाली. "ती बोलतेय."

साहेब थांबले. सगळे थांबले. ठकूची मान एकीकडे कलली, ओठ हलले, पुन्हा जुळले. तिला पाहिजे तेवढा वेळ तिने घेतला.

"त्यांना... लगेच... मिळतं," ती म्हणाली. "मग... मला... का... नाही?"

पाहुणीबाईंनी आधी ठकूकडे, मग आपल्या वाटीकडे, मग भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "ही रोज काय जेवते?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "तुमच्यातलेच कोणी मागे येऊन वाटीला नावं ठेवून गेले, तेव्हापासून इथे ती काही नाही जेवत. ताटाकडे बघत बसते."

मग ती आत गेली आणि झाकून ठेवलेलं ताट घेऊन आली. पाव, अंडं, गाजराच्या फोडी. पाहुणीबाईंपुढे तिने ते नीट मांडलं. "घ्या. सकाळीच काढून ठेवलं होतं. कुणाला मऊ चालायचं नाही हे मला ठाऊक होतं. माझ्या चुलीपाशी कुणी उपाशी राहू नये, बाई. बसा, जेवा. तुमच्यावर माझा राग नाही."

बाईंनी ताटाला हात लावला नाही. ठकूच्या पलीकडे साहेब लालबुंद होऊन बसले होते. मावशीकडे न बघता, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून देत जा तिला वाटी."

दुसरी एखादी असती तर तिने हात जोडले असते. पण मावशीचा राग आता कुठे वर येत होता. तिने पळी पातेल्यात टाकली, ठकूच्या खुर्चीचा पट्टा काढला आणि साहेबांच्या नाकासमोर धरला. कडेला ते काळं, जळकं, वेडंवाकडं भोक.

"हे तुमच्या पाटीनंतरचं आहे," ती म्हणाली. "मी सळई तापवून पाडलंय. बोट घाला त्यात, साहेब. घाला! उद्यापासून वाटी देईनच मी, तुम्ही नाही म्हणालात तरी देईन. पण हे भोक कोण बुजवणार?"

साहेबांनी मान खाली घातली. बोट काही पुढे केलं नाही.

ठकूने मावशीच्या पदराला हिसका दिला. तिची वाटी रिकामी झाली होती.

"अजून," ती म्हणाली.

मावशीने पट्टा परत बांधला आणि पळी उचलली.