चूल कोरी ठेवू नका

मी एक जुना निवारा आहे, मित्रांनो. दगडाच्या तीन भिंती, वर गंजका पत्रा आणि चौथ्या बाजूला नुसता वारा. पिशोरच्या वरच्या डोंगरात, किल्ल्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर मी उभा आहे. उभा म्हणायचे इतकेच. खरे तर आता टेकलो आहे.

मला रामकिसनने बांधले. गुरे चारायला आल्यावर त्याला आणि त्याच्या बायकोला, सरूबाईला, डोंगरात मुक्काम पडायचा. त्याने ओढ्यातले दगड रचले, तिने ते चिखलाने लिंपले. आत चूल, कोपऱ्यात रांजण आणि काडेपेटीसाठी भिंतीत एक कोनाडा. पहिल्या मुक्कामानंतर निघताना सरूबाईने चुलीशेजारी काटक्यांची मोळी आणि थोड्या गोवऱ्या रचल्या, रांजण भरला आणि नवऱ्याला म्हणाली, "चूल कोरी ठेवू नाय. मागून येनाऱ्याची सोय असावी."

तोच माझा कायदा झाला. गुराखी आले, मध काढणारे आले, बाजाराला डोंगर ओलांडून जाणारा शेळ्यांचा व्यापारी इलियास आला. असेल ते सरपण जाळायचे आणि उठताना तितके परत ठेवायचे. कोनाड्यातली काडेपेटी संपत आली की इलियास नवी ठेवी. एकमेकांचे तोंड न पाहिलेली ही माणसे एकमेकांना ऊब देत होती आणि मी मधल्यामध्ये मोठेपणा मिरवत होतो.

मग रामकिसन गेला. गुरे कमी झाली आणि पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेऊन शहरातली मुले-मुली येऊ लागली. त्यांचे रंगीत तंबू माझ्या अंगणात फुगले की मला माझे वय जाणवायचे. काहींनी माझ्या भिंतींवर कोळशाने आपली नावे लिहून ठेवली, बाटल्या तिथेच टाकल्या. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय! रागवायलाही अंगात बळ लागते, म्हणून मी गप्प बसत असे.

यंदाच्या थंडीत संभाजीनगरहून प्रणय आणि श्रेया आपला गट घेऊन आले. मुले गुणी होती. त्यांनी सगळ्या बाटल्या गोळा केल्या, भिंती घासल्या, तेव्हा मला फार बरे वाटले. पण हात एकदा स्वच्छतेला लागले की ते थांबतात कुठे! रांजणातले पाणी साचलेले आहे, डास होतील, असे म्हणून श्रेयाने तो पालथा घातला. काटक्या आणि गोवऱ्या कुणाचा तरी कचरा समजून प्रणयने संध्याकाळच्या शेकोटीत घातल्या. चुलीतली राख भरली, कोनाड्यातली काडेपेटीही पिशवीत गेली. जाताना त्यांनी माझे फोटो काढले, कौतुक केले. इतका चकाचक मी जन्मात नव्हतो. त्यांना थांबवायला मला तोंड नव्हते.

दोनच दिवसांनी कललेल्या उन्हात सरूबाई चढून आली. तिची गाय चुकली होती. गाय माझ्याच अंगणात उभी सापडली, पण तिला शोधताना म्हातारी ओढ्यात घसरली होती. लुगडे भिजलेले, गुडघा सुजलेला. खाली उतरणे शक्य नव्हते. तरी तिच्या तोंडावर काळजी दिसत नव्हती, कारण ती माझ्यापाशी पोचली होती.

तिने कोनाड्यात हात घातला. मग चुलीशेजारी चाचपले. मग रिकाम्या रांजणाकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "चूल कोरी."

मित्रांनो, एकदा वादळात पत्रा उडाला होता, तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती. जिने हा कायदा केला तिलाच देण्यासाठी माझ्याकडे वाऱ्याखेरीज काही नव्हते. ती कुडकुडत होती. ती उजाडेपर्यंत टिकेल की नाही, या भीतीने माझा दगड न् दगड गारठला. शेवटी तिने गाय आत ओढून बसवली आणि तिच्या पोटाला पाठ लावून अंग मुडपून घेतले. जे मला जमले नाही ते त्या मुक्या जनावराने केले.

सकाळी शेळ्या घेऊन इलियास आला. तिला पाहून घाबरला, स्वतःची शाल तिच्या अंगावर टाकली, काटक्या पेटवून तिला शेकवले. ऊन वर आल्यावर तिला हात धरून उठवू लागला, तर ती म्हणे, थांब. आणि लंगडत लंगडत वाळक्या काटक्या वेचू लागली.

इलियास चिडला. "मौशी, ज्यांनी चूल झाडून नेली, त्यांच्यासाठीच ठेवता का?"

"त्यांला कुठं ठावं व्हतं?" सरूबाई म्हणाली. "आन् थंडी काय वळख पाहून लागती, भाऊ?"

इलियासने रांजण भरला, खिशातली काडेपेटी कोनाड्यात ठेवली आणि तिच्या हातची मोळी चुलीशेजारी नीट लावली.

त्यानंतर सरूबाई वर आलेली नाही. गुडघा आता चढू देत नाही, असे इलियास कुणाला तरी सांगत होता. म्हणजे ही मोळी तिच्या हातची शेवटची. माझ्याही भिंतींना फुगवटे आले आहेत; आणखी किती हिवाळे निघतील कोण जाणे.

तुम्ही या डोंगरात याल, थकाल, माझ्याकडे वळाल. ती मोळी खुशाल जाळा, मित्रांनो, ती तुमच्यासाठीच आहे. बाटल्या घेऊन जा, राखही काढा. पण उठताना खाली वाकून चार काटक्या वेचा. तिला आता वाकता येत नाही.